दिवाडीत खानावळ काढू का? आधी भात, सुंगटं आणि फेरीबोटीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर सासरचं जुनं घर, घरात दोघी जावा, दोघींच्या हाताला चव, आणि दर रविवारी दारावरून पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटरी जातात. मग फिश थाळीची खानावळ काढावी, की लोणची-मसाले करून विकावेत? आणि मांडवीतल्या या बेटांवर खाण्यापिण्याच्या धंद्यात सध्या नवं काय घडतंय, वाव कुठे आहे, आणि सुरुवात कधी करावी?

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. खानावळ काढू नका, निदान पहिली दोन वर्षं. लोणच्या-मसाल्यांपासून सुरुवात तर मुळीच नको. आगाऊ कळवून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस घरचं ताट ठेवा, आणि त्या ताटात बेटावर पिकलेलं भात असू द्या. तिसवाडी तालुक्यातल्या बचतगटांबरोबर आणि भात भरडून विकायच्या कामात मी बरीच वर्षं आहे. आमच्याकडे चांगला स्वयंपाक करणाऱ्या बायका हव्या तितक्या आहेत. तुटवडा आहे तो बेटावरच्या मालाचा. तो माल ज्याच्या हातात, त्याच्याकडे गिऱ्हाईक नदी ओलांडून येतं.

फिश थाळीचं म्हणाल, तर सुरमई, पापलेट, बांगडा हे दिवाडीचे मासे नव्हेत. ते समुद्राचे. पणजीच्या बाजारातून बर्फात घालून फेरीने आणायचे, सोबत घाटावरून आलेला तांदूळ शिजवायचा, आणि पणजीहून आलेल्या माणसाला तेच पणजीचं ताट वाढायचं, यात तुमचं काय राहिलं? पणजीत अशी ताटं गल्लोगल्ली मिळतात, तीही तुमच्यापेक्षा स्वस्त, कारण त्यांचा मासा नदी ओलांडत नाही. वर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ते दोन महिने मासा महाग, शिळा किंवा परगावचा. खानावळीला मात्र रोज दार उघडावं लागतं, कामाला ठेवलेल्या बाईला रोज पगार द्यावा लागतो, आणि मंगळवारी दुपारी दिवाडीत बाहेरचं कुणी फिरकत नाही. रविवारी एक ते तीन या वेळात धावपळ आणि बाकी आठवडा माशा मारणं, असा तो धंदा आहे.

आता नवं काय ते. बातम्या बऱ्याच आहेत, पण सगळ्याच तुमच्या कामाच्या नाहीत.

२०२५च्या जुलैपासून रायबंदर ते चोडण या मार्गावर रो-रो फेरी सुरू झाली. जुन्या फेरीबोटीत मावायच्या त्यापेक्षा जास्त गाड्या एका फेरीत जातात, वेळही वाचतो. चोडणला मये-डिचोलीच्या बाजूने रस्ताही आहे आणि डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य उतरल्या उतरल्या समोर, त्यामुळे तिथे अर्ध्या दिवसाचे पाहुणे वाढणार हे उघड आहे. दिवाडीचं तसं नाही. दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरी, आणि रविवारी धक्क्यावर गाड्यांची रांग. म्हणून चोडणला कुणी काय काढलं ते बघून इकडे काढू नका. तिथे गाडीतून उतरून पटकन खाणारा माणूस येईल. तुमच्याकडे येणाऱ्याने अर्धा दिवस आधीच बाजूला काढलेला असतो.

दुसरी बातमी भौगोलिक मानांकनाची. खोलची मिरची, मानकुराद आंबा, बेबिंका, आगशीची वांगी अशी गोव्याची यादी गेल्या काही वर्षांत वाढत गेली. त्यात सांत इस्तेवची, म्हणजे जुवे बेटाची, सात शिरांची भेंडी आहे. ती बेटाची म्हणूनच ओळखली जाते. कोरगुट या खाऱ्या जमिनीतल्या जुन्या भातासाठीही अर्ज झालेला आहे. पिशवीवर मानांकनाचं चिन्ह छापण्याआधी नोंदणीची आजची स्थिती बघा. मानांकन मिळालं म्हणजे आपण आपोआप ते चिन्ह वापरू शकतो, असा एक गैरसमज आहे. तसं होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. फी नाममात्र असते, कागद गोळा करायला वेळ जातो.

तिसरी गोष्ट जुनी होत चालली, पण माझ्या मते सगळ्यांत मोठी तीच. २०२३ साली गोव्यात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. बाहेरचा हॉटेलवाला येऊन खाजनातलं शेत विकत घेऊन स्वतः कोरगुट पिकवेल, हे आता सोपं राहिलेलं नाही. त्याला ते भात बेटावरच्या माणसाकडूनच घ्यावं लागणार. पण शेत पडीक ठेवून हा हक्क काय कामाचा?

खाजनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्या धंद्याचं मूळ तिथे आहे आणि बेटावर लग्न होऊन आलेल्या बऱ्याच जणींना घरामागचं शेत कसं चालतं हे कुणी सांगितलेलं नसतं. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून राखलेली. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून त्या उघडतात. पावसाळ्यात पहिले जोरदार पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेतात, मग पेरणी होते. तरीही जमीन थोडी खारी राहतेच. अशा जमिनीत तग धरणारं जुनं भात म्हणजे कोरगुट. दाणा लालसर, जाड, पेजेला अव्वल. रोप उंच वाढतं आणि वाऱ्या-पावसात आडवं होतं, म्हणून कापणी यंत्राने नीट होत नाही. उत्पन्न हेक्टरी दोन टनांच्या आसपास, म्हणजे ज्योती किंवा जया या सुधारित जातींच्या तुलनेत कमी. शेतकऱ्याने ते का लावावं, याचं उत्तर तुम्ही त्याला पैशात दिलं तरच तो लावेल.

जुने गोव्याजवळ एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी संशोधन संस्था आहे. दिवाडीच्या धक्क्यापासून ती जवळच. तिथल्या लोकांनी कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ या खारपड जमिनीच्या जाती काढल्या. पीक जास्त हवं असणाऱ्याने त्या लावाव्यात, मला काही हरकत नाही. पण विकताना गोवा धानला कोरगुट म्हणू नका. पणजीतला जो शेफ किलोला दुप्पट भाव देतो, तो नावासाठी देतो आणि त्याला दाणा ओळखता येतो.

कोरगुट अडतं ते गिरणीवर. पिकवणाऱ्याकडे पाच-सहा पोती असतात. गिरणीवाला एवढ्याशा मालासाठी यंत्र रिकामं करून साफ करत नाही. आधीच्या माणसाची ज्योती आत राहिलेली असते, ती तुमच्या लाल दाण्यात पांढरी पांढरी दिसते. गिऱ्हाईक पिशवी उघडून बघतं आणि म्हणतं, भेसळ केलीत. यावर उपाय एकच: दोन-चार घरांचं कोरगुट एकत्र आणून एकाच दिवशी भरडायचं, पहिली पाच-दहा किलो वेगळी काढून ती घरात खायची आणि नंतरचा माल विकायचा. पॉलिश करू देऊ नका. गिरणीवाला सवयीने एकदा जास्त फिरवतो आणि लालपणा कोंड्यात जातो, तेव्हा तिथे उभं राहावं लागतं.

उकडणंही तुमच्या हातात ठेवा. भात रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी बदलून भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, चढवायचं, वर ओलं गोणपाट. वाफ धरली की मधूनमधून दाणे काढून बघायचे. दहातल्या आठ दाण्यांची साल फुटलेली दिसली की उतरवायचं. त्याहून जास्त ठेवलं तर भात सुकल्यावर कडक होतं आणि शिजायला घासलेट-गॅस खातं. कमी ठेवलं तर गिरणीत कणी होते. उतरल्यावर थेट उन्हात पसरू नका. पहिला अर्धा दिवस सावलीत, मग ऊन. दाणा दाताखाली कट्‌ असा मोडला की भरडायला तयार. आमच्या भागात एका बाईचं उकडं दरवर्षी सगळ्यांच्या आधी संपतं. ती याहून वेगळं काहीच करत नाही, फक्त घाईने उन्हात टाकत नाही.

गणित करून बघा. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी बारा माणसं, माणशी १०० ग्रॅम तांदूळ, तर आठवड्याला साधारण अडीच किलो. वर्षातले चाळीस आठवडे चालवलंत तर शंभर किलोच्या आत. भाताचा तांदूळ होताना साठ ते पासष्ट टक्के उतारा धरला तर दीडशे किलो भात पुरे. हेक्टरी दोन टनांच्या हिशेबाने एवढं भात साडेसातशे चौरस मीटरच्या तुकड्यात होतं. म्हणजे तुमच्या ताटासाठी वर्षभराचं कोरगुट एका मध्यम आकाराच्या कोपऱ्यात पिकतं. यापेक्षा जास्त पिकवलंत तर ते किलो-किलोच्या पिशव्यांतून पाहुण्यांना जाताना विकता येतं. माझ्या अनुभवात जेवून उठलेला माणूस पिशवी घेतोच, दुकानात तीच पिशवी पडून राहते. उकडा, न पॉलिश केलेला तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो आणि पावसात पोरकिडे धरतात. म्हणून भात भाताच्या रूपातच साठवा आणि दर दोन महिन्यांनी लागेल तेवढंच भरडा.

दुसरा माल मानशीवरचा. मानशीच्या आतल्या बाजूला खोल डोह असतो, पोंय म्हणतात त्याला. तिथे सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटे आणि काळुंदरं हे खाडीचे मासे, आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे वाढतात. मानशीवर मासे धरायच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव. जो जास्त बोली देतो त्याला वर्षाचा हक्क. ओहोटी सुरू झाली की दाराला पिशवीसारखं जाळं लावतात, पाणी बाहेर धावतं आणि माल जाळ्यात येतो. जास्त माल येतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. रात्री दोन वाजता असो की पहाटे पाचला, ओहोटी तुमच्या सोयीने होत नाही. बॅटरीच्या उजेडात जाळं ओल्या गोणपाटावर उलटं करतात, पालापाचोळा बाजूला सारतात, मग मोठी सुंगटं एका टोपलीत, मध्यम दुसऱ्या, आणि बारीक चुरा तिसरीकडे.

तुमचं काम त्या तिसऱ्या टोपलीत आहे. मोठा माल व्यापारी उचलतो, त्याच्याशी भावात स्पर्धा करू नका. मध्यम आणि बारीक सुंगटं मानसवाल्याला त्याच पहाटे खपवायची असतात. त्याच्याशी वर्षाचं बोलून ठेवा: प्रत्येक उधाणाला पाच किलो मी घेणार, भाव ठरलेला, बाजार चढो की पडो. दोन-तीन वेळा बाजार पडलेला असताना तुम्ही ठरलेला भाव दिलात की तो माणूस तुमचा झाला. मग जेवणाचे दिवस वारावर न ठेवता तिथीवर ठेवा. कॅलेंडर समोर घ्या, अमावास्या-पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार सुंगटांचा, मधल्या आठवड्यांत शेवटे किंवा काळुंदरं, मिळेल ते. पाहुण्यांना आगाऊ सांगा की या रविवारी मासा काय असेल ते भरती ठरवते. शहरातल्या माणसाला हे फार आवडतं, आणि विशेष म्हणजे ते खरंही असतं. उरलेला बारीक माल उन्हाळ्यात सुकवून किसमूर या सुक्या कोशिंबिरीला आणि पारा या तिखट लोणच्याला.

इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. मानस आणि भात यांचं भांडण जुनं आहे. पावणीला मोठी रक्कम भरलेला माणूस जास्त मासा मिळावा म्हणून खारं पाणी आत घेतो, बांध कमजोर होतो, आणि एकदा खारं पाणी शेतात भरलं की ते शेत पुढे काही वर्षं भाताला उपयोगाचं राहत नाही. तिसवाडीतली कितीतरी खाजनं अशीच गेली. तुम्ही दोन्हीचं गिऱ्हाईक होणार आहात, तर भातवाल्यांच्या कूळ संघटनेच्या बैठकीत कुणाला तरी पाठवत जा आणि पावसाळ्यात खारं पाणी आत न घेणाऱ्या मानसवाल्याकडूनच माल घ्या. गिऱ्हाइकाचं बोलणं तिथे सरकारी पत्रापेक्षा लवकर ऐकलं जातं.

भेंडीचं थोडक्यात. सात शिरांची, लांब, फिकट हिरवी, आणि मऊ असूनही कमी बुळबुळीत, म्हणून ती सोलं घालून किंवा नुसती तव्यावर परतून छान लागते. ती जुव्याची, तुमची नाही. दिवाडीत लावू शकाल, पण सांत इस्तेवच्या शेतकऱ्याकडून विकत घेऊन त्याचं गाव ताटाशेजारी लिहिलंत तर जास्त शोभेल. गुरुवारी बाणस्तारीचा बाजार भरतो, तिथे गाठ पडते. माडाचं म्हणाल तर २०२५ साली नारळ असा महागला की शाकुतीचं वाटण करताना हात आखडू लागला. अंगणातले माड असतील तर पाडेल्याची, म्हणजे नारळ पाडणाऱ्याची, व्यवस्था आधी करा, कारण नारळ वर आणि पाडेली खाली असंच सगळीकडे चाललंय. सुरेचा म्हणजे माडीचा व्हिनेगर, सुरेवर फुगवलेले सान्ने (इडलीसारखे), माडाचा काळा गूळ हे सगळं रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, मिळाला तर. नाही मिळाला तर मिळाल्यासारखं दाखवू नका. यीस्टवरचे सान्नेही चांगले होतात.

एक संधी अशी आहे की ती कुणी नीट पकडलेली मला दिसत नाही: शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीवरच्या नार्व्याचा, कदंबांचं दैवत. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात नेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हल्लीचं नूतनीकरण पुरं होऊन २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं, तेव्हापासून कोल्हापूर, पुणे, सांगली, बेळगावकडून येणारे लोक वाढलेत. यातले बरेच जण जुने गोव्याची चर्च बघून देवळाकडे जातात. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुने गोव्याहून फेरीने दिवाडी, दिवाडी ओलांडून पलीकडच्या फेरीने नार्वे. तुम्ही बरोबर मधे आहात. सोमवार, श्रावण, संकष्टी, देवदर्शनाला निघालेली मंडळी, गाडीत आजी-आजोबा. त्यांना मासा नको असतो, आणि गोव्यात शाकाहारी म्हणजे पावभाजी किंवा पनीर एवढंच हाती लागतं. त्यांना कोरगुटाचा भात, खतखतं, अळसांद्याचं तोंडाक, मुगागाठी, भेंडीची भाजी, सोलकढी, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाढा. आपल्याकडच्या घरात हे दर सोमवारी शिजतंच, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मासळीच्या ताटापेक्षा याचा कच्चा खर्च कमी, वाया कमी जातं, आणि माणूस तृप्त होऊन जातो. एकाच चुलीवर मासा आणि शिवराक एकाच दिवशी करू नका. एक दिवस हा, एक दिवस तो. देवाला निघालेल्या माणसाला भांड्यांबद्दल शंका आली की तो दारातूनच परततो.

ताटाची किंमत काढताना तांदूळ, नारळ, मासळी, तेल, गॅस हा कच्चा खर्च किमतीच्या एक तृतीयांशापुढे जाऊ देऊ नका. बाकीच्यात तुमच्या दोघींची मजुरी, भांडी घासणारी, रद्द झालेली ताटं. मजुरी लिहिलीच पाहिजे. घरच्या बाईचं काम फुकट धरून लावलेली किंमत पहिल्या सहा महिन्यांत छान वाटते आणि नंतर जावाजावांत भांडण लावते. निम्मे पैसे आगाऊ घ्या. बेटावर हे जास्तच गरजेचं, कारण रविवारी फेरीची रांग बघून लोक धक्क्यावरूनच माघारी फिरतात आणि तुमचं बारा माणसांचं जेवण वाट बघत राहतं. जेवणाची वेळ साडेबारा सांगा, म्हणजे ते दीडपर्यंत पोचतात.

परवाने फार अवघड नाहीत. लहान उलाढालीच्या घरगुती उद्योगाला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना लागत नाही. पंचायतीचा ना-हरकत दाखला घ्या. राहायला खोली द्यायची असेल तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नाव घालावं लागतं. सरकारचं होमस्टे धोरणही आलंय, पण त्यातल्या सवलती कुठल्या तालुक्याला ते बघूनच उड्या मारा. पाहुणे उरॅक-फेणी मागणारच. अबकारी परवान्याशिवाय पेलाभरही वाढू नका, पाहुणचार म्हणूनही नाही. आणि शेताच्या बांधावर बांबूचं छप्पर टाकून जेवायला बसवायची कल्पना कुणी देईल, ती ऐकू नका. खाजन किनारी नियमनाखाली येतं, तक्रार झाली की आधी छप्पर जातं आणि मग नाव. ओसरी आहे ना? ओसरीवर बसवा.

यंत्रासाठी, म्हणजे छोटी भात भरडणी किंवा वाळवणी, केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख रुपये, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. बचतगटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. मुदत वाढत वाढत आलीय, तेव्हा अर्जाआधी ती चालू आहे का ते विचारा. माझा सल्ला: पहिल्या वर्षी यंत्र नको. यंत्र आलं की ते चालवायला माल लागतो, आणि माल नसताना हप्ता मात्र चालू राहतो. चार घरांचं भात एकत्र यायला लागलं की मग यंत्राचं बघू.

लोणची-मसाल्यांना मी नको म्हटलं, ते कायमचं नाही. मेमध्ये पुरुमेंताच्या वेळी, पावसाची बेगमी करायला लोक निघतात तेव्हा, सोलं, सुकी सुंगटं, मिठातल्या कैऱ्या आणि रायबंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ यांना हमखास गिऱ्हाईक असतं. ऑगस्टमध्ये बेटावरच्या मळार गावात बोंदेराच्या उत्सवाला गर्दी होते, पण ती खायला येते ती उभ्या-उभ्या. तिथे पातोळ्या चालतील, ताट चालणार नाही. ३ डिसेंबरच्या जुने गोव्याच्या फेस्ताला आणि त्याच महिन्यात पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाला येणारी मंडळी वेगळी. त्यांतली दुसरी मंडळी तुमच्या कामाची. त्यांना तुमच्या ताटाबद्दल आधीच कुठून तरी कळलेलं असतं. बाटल्या विकायच्या तर त्याच ताटात चाखलेल्या गोष्टींच्या, नाव-गाव-तारीख लिहून, मोजक्या. बागायतदार बाजाराच्या फळीवर शंभर प्रकारची लोणची आहेत, त्यांत तुमचं एकशे एकावं कोण उचलेल?

घरपोच पोचवणाऱ्या ॲपच्या नादाला लागू नका. फेरी चुकली की जेवण थंड, आणि तारे तुमचे कमी होतात.

सुरुवात कधी, असं तुम्ही विचारलंय. पाहुण्यांची ताटं ऑक्टोबरनंतर सुरू करा, नवं भात घरात आल्यावर. पण बोलणी मेमध्येच करावी लागतील. कोण काय पेरणार ते मृगाआधी ठरतं, आणि कोरगुटाचं बियाणं बेटावर मोजक्याच घरांत आहे. दीडशे किलोचा भाव तेव्हाच बोलून थोडा विसार द्या. दसऱ्याला विचारायला गेलात तर सगळ्यांकडे ज्योती असेल.